प्लास्टिक, रंग यांतल्या रसायनांमुळे मुलं लठ्ठ होऊ शकतात का?

होऊ शकतात असं म्हणायला आधार आहे, पण तो बराचसा उंदरांवरच्या प्रयोगांचा. कॅलिफोर्नियातले संशोधक ब्रूस ब्लुमबर्ग यांनी 2006 मध्ये अशा रसायनांना ‘ओबेसोजेन’ नाव दिलं. त्यांचं ठळक उदाहरण म्हणजे ट्रायब्युटिलटिन. जहाजाच्या बुडाला शिंपले-शेवाळ धरू नये म्हणून ते रंगात घालत. गाभण उंदरांना ते अगदी थोडं दिलं, तरी पिल्लांच्या अंगात चरबी जास्त साठली. हे रसायन पेशीतला ‘पीपीएआर गॅमा’ नावाचा खटका दाबतं; मग जी मूळपेशी हाडाची झाली असती, ती चरबीच्या वाटेला लागते. आणि चरबीपेशींची संख्या बहुतेक लहानपणी-किशोरवयातच ठरते. पुढे वजन उतरलं तरी त्या आकसतात, संपत नाहीत.

म्हणून मला गरोदरपण आणि पहिली काही वर्षं सगळ्यात नाजूक वाटतात. प्लास्टिकमधल्या बिस्फेनॉल ए, थॅलेट या रसायनांचा माणसांतल्या लठ्ठपणाशी संबंध काही पाहण्यांत दिसलाय, पण कारण म्हणून तो सिद्ध नाही. खाणं, झोप, मैदानावरचं खेळणं यांचा वाटा आहेच. तरी जाड मुलाच्या आईला ‘तूच लाडावलंस’ म्हणणं फार अन्यायाचं आहे. वाफाळतं वरण प्लास्टिकच्या डब्यात ओतू नका, स्टीलचा डबा वापरा.