सोलापुरात आमच्या जुन्या घराच्या पोटमाळ्यावर लांब पायांचे बारीक कोळी झालेत. विषारी आहेत का? कसे घालवायचे?

माणसाला त्यांच्यापासून धोका नाही; लांब दांड्याच्या झाडूने जळमटं काढत राहणं हाच खरा इलाज. जाळ्याला धक्का लागताच कोळी जागच्या जागी इतका गरागरा हलतो का, की नीट दिसेनासा होतो? मग तो फोल्सिडी कुळातला: अंग सेंटिमीटरभरसुद्धा नाही, पाय मात्र त्याच्या कितीतरी पट. मादी अंड्यांचा पुंजका तोंडात धरून फिरते, म्हणून नुसतं जाळं काढू नका, कोळीही झाडूत गुंडाळून बाहेर झटका. भिंतीवर औषध फवारण्यात फारसा अर्थ नाही, उंच पायांमुळे त्याचं अंग भिंतीला टेकतच नाही. खिडक्यांना जाळी लावा, दिव्यावरचे किडे कमी झाले की हेही घटतात. पण तो डास आणि दुसरे कोळीही खातो. अडगळीत दोन-चार असतील तर मी तरी राहू देईन.