मासे पाळताना शास्त्रीय नावं खरंच लागतात का?

दुकानातून 'शार्क' आणलेल्या एका वाचकाचा हा प्रश्न. त्यांना माझं उत्तर: पाठ करायची गरज नाही. पण मासा विकत घेण्याआधी त्याचं शास्त्रीय नाव शोधून काढायचंच, असं माझं ठाम मत आहे. गप्पा मारताना मीही गप्पी, मॉली, एंजल असंच म्हणतो. पैसे देताना मात्र तेवढ्यावर भागत नाही.

तुमचंच उदाहरण घ्या. दुकानदाराने दोन फुटी टाकीसाठी 'शार्क' दिला, एवढंच तुम्ही लिहिलंय. आपल्याकडे या नावाखाली निदान तीन वेगवेगळे मासे विकतात आणि त्यातला एकही खरा शार्क नाही. काळ्या अंगाचा, लालभडक शेपटीचा एपाल्झिओरिंकॉस बायकलर पाच-सहा इंचांवर थांबतो, पण आपल्या जागेत दुसऱ्या कुणाला फिरकू देत नाही. चंदेरी अंगाचा, काळ्या कडांच्या परांचा बॅलँटिओकायलॉस मेलॅनॉप्टेरस स्वभावाने शांत, पण फूटभर वाढतो आणि त्याला कळप लागतो. तिसरा पँगासियानोडॉन हायपोफ्थाल्मस. हा मूळचा मेकाँग आणि चाओ फ्राया नद्यांतला, चार फुटांपर्यंत वाढणारा. मासळीबाजारात पंगस म्हणतात तो हाच, आणि बासा म्हणून मिळणारे तुकडेही बहुतेक याचेच असतात. दुकानात तो बोटाएवढा दिसतो, म्हणून लोक फसतात.

शेवाळ खाणाऱ्या माशांचंही तेच. 'अल्गी ईटर' मागितला की बऱ्याचदा हातात पडतो गायरिनोकायलस आयमोनिएरी. लहानपणी तो शेवाळ खातो. मोठा झाला की चपट्या अंगाच्या एंजलला, डिस्कसला चिकटून त्यांच्या अंगावरचा चिकट थर खरवडतो. शेवाळासाठी हवा असतो तो क्रॉसोकायलस. ओळखायची खूण सोपी आहे: काळा पट्टा नाकापासून थेट शेपटीच्या टोकापर्यंत जातो, कडा जरा दातेरी असतात आणि पर पारदर्शक असतात.

शास्त्रीय नावंही बदलतात, हे मान्य. टायगर बार्ब आधी बार्बस होता, मग पुंटियस, आता पुंटिग्रस. नावाचा दुसरा भाग, 'टेट्राझोना', मात्र कायम राहिला. म्हणून शोधताना या दुसऱ्या भागावर भर द्या, जुनी माहितीही सापडते. केरळ आणि दक्षिण कर्नाटकातल्या ओढ्यांत राहणारा 'मिस केरळ' मासा १८६५ पासून डेनिसोनी आहे. २०१३ मध्ये त्याच्या नावाचा पहिला भाग बदलून सह्याद्रिया झाला. आपल्या डोंगराचं नाव जगभरच्या टाक्यांवर लागलंय याचा मला मनापासून आनंद होतो.

काही ठिकाणी मात्र शास्त्रीय नाव पुरत नाही. शेपटीच्या आकारावरून ओळखले जाणारे फायटर माशाचे प्रकार घ्या: हाफमून काय, क्राउनटेल काय, दोन्ही बेटा स्प्लेंडेन्सच. तिथे बाजारातलंच नाव कामाचं. फ्लॉवरहॉर्न मासा तर वेगवेगळ्या जातींचा संकर, त्याला शास्त्रीय नावच नाही.

आता तुमचा मासा नीट बघा. मिशा आहेत का? डोळे मोठे आणि तोंडाच्या कडेला आहेत का? दिवा लावला की दचकून काचेवर धडकतो का? तसं असेल तर तो पंगस, आणि दोन फुटी टाकी त्याला लवकरच अपुरी पडेल. दुकानदाराला परत द्या किंवा मोठ्या तळ्यात मासे पाळणाऱ्या कुणाला द्या. नदीत किंवा तलावात सोडू नका. तो आपल्याकडचा मासा नाही.