तडकलेलं क्लच कव्हर जोडण्याआधी

मित्रा, क्लचवरचं झाकण, म्हणजे कव्हर, तडकलं म्हणून लगेच वेल्डिंगचा आर्क मारू नकोस. ओतीव ॲल्युमिनियम वर्षानुवर्षं तेल पिऊन बसलेलं असतं. ॲसिटोनने धू, पूर्ण वाळू दे, मग तापव. तेल घामासारखं वर येईल. पुस, परत तापव. क्लोरीनवालं ब्रेक क्लीनर अजिबात नको, आर्कखाली त्याचा विषारी वायू होतो.

तड्याच्या दोन्ही टोकांना ३ मिमीचं भोक पाड, मग तड्यावर व्ही आकाराची खाच कर. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, वरचा ऑक्साइड मात्र २,००० च्या पुढे. हा ऑक्साइडचा थर एसी करंट फोडतो, म्हणून एसीवरचं टिग वेल्डिंगच, भरायला ४०४३ नंबरचा ॲल्युमिनियम रॉड, आणि घासायला स्टेनलेस ब्रश, तो फक्त ॲल्युमिनियमसाठीच ठेवलेला. कव्हर जाड प्लेटवर बोल्टने आवळून ठेव. मी एकदा घाईत न आवळता तसंच जोडलं. गॅस्केट (तेल अडवणारी पातळ पट्टी) बसते ती बाजू वाकली, तेल गळतच राहिलं.