डेक्कन कॉलेजला निघालेल्या विद्यार्थिनीस

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

पुरातत्त्वाच्या एमएला डेक्कन कॉलेजात तुला प्रवेश मिळाल्याचं कळलं. फार फार आनंद झाला. पत्राच्या शेवटी तू विचारलंस, ‘बाई, इथे इतकी मोठी माणसं होऊन गेली, मी यात कुठे बसणार?’ आणि खाली नावंही लिहिलीस : टिळक, आगरकर, भांडारकर, राजवाडे, सांकलिया, इरावती कर्वे. पोटात गोळा आल्याशिवाय अशी यादी कुणी करत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

नावं पाठ करत बसू नकोस. ही माणसं कामाला बसली की हाताने नेमकं काय करत होती, ते शोध. मोठेपणाकडे बघून दडपण येतं, पण कामाकडे बघितलंस तर ते शिकता येतं. माझं सगळं सांगणं एवढंच आहे, बाकी उदाहरणं.

पहिल्या आठवड्यातच परवानगी काढून संस्कृत कोशाच्या विभागात जा. १९४८ साली डॉ. सु. मं. कत्रे यांनी हे काम हाती घेतलं. ऋग्वेदापासून पुढच्या सुमारे दीड हजार ग्रंथांतून एकेक शब्द वेचायचा, तो कागदाच्या चिठ्ठीवर उतरवायचा, ग्रंथ कुठला, जागा कुठली हे लिहायचं, आणि शब्द ज्या वाक्यात आला ते वाक्यही टिपायचं. नुसतं वेचण्यातच पंचवीस वर्षं गेली. चिठ्ठ्या झाल्या कोटीच्या घरात. डॉ. अ. मा. घाटगे यांच्या संपादनाखाली पहिला भाग छापून आला तो १९७६ साली. एखादा खण उघडून दाखवतील तेव्हा वेगवेगळी हस्ताक्षरं नीट बघ. कुणाचं टपोरं, कुणाचं बारीक, कुणाची शाई फिकट झालेली. त्यांतल्या बहुतेकांची नावं कुठल्याही यादीत तुला सापडणार नाहीत, पण कोश उभा आहे तो त्यांच्यावर. कॉलेजची खरी यादी मी त्या कपाटात मानते.

तसाच एक दिवस भांडारकर संस्थेसाठी राखून ठेव. महाभारताची चिकित्सक आवृत्ती, म्हणजे जुन्या पोथ्या ताडून ठरवलेला पाठ, तिथे झाली हे तुला माहीत आहे. ती कशी झाली ते बघून ये. त्यासाठी चौकटी आखलेले ताव होते. वरच्या ओळीत श्लोक, एका चौकटीत एक अक्षर. खाली एकेका पोथीसाठी एकेक ओळ, आणि त्या पोथीत जिथे वेगळं अक्षर असेल तिथे ते लिहायचं. काश्मीरच्या शारदा लिपीपासून केरळच्या मल्याळम लिपीपर्यंतच्या पोथ्या अशा अक्षर अक्षर ताडून पाहिल्या. विष्णु सीताराम सुखटणकर १९२५ साली या कामाचे प्रमुख संपादक झाले. ते मुळात केंब्रिजला गणित शिकलेले, आणि ती शिस्त त्या तावांत दिसते असं मला नेहमी वाटतं. १९४३ साली ते गेले. काम पुरं झालं १९६६ साली. आपण सुरू केलेलं आपल्या हयातीत संपणार नाही हे ठाऊक असताना एवढ्या काटेकोरपणे काम करणारी माणसं या गावात होती, याचा मला मनापासून अभिमान आहे.

इरावतीबाईंबद्दल तू खास विचारलंस. त्यांच्या स्कूटरची गोष्ट तुला सगळे सांगतील, मी बर्लिनची सांगते. सातव्या वर्षी हुजूरपागेत आलेली, रँग्लर परांजप्यांच्या घरी वाढलेली ही मुलगी फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञान घेऊन बीए झाली आणि पुढे जर्मनीला गेली. तिचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठत्व मानणारे. विषय मिळाला मानवी कवटीच्या दोन बाजूंमधल्या फरकाचा, आणि त्यातून गोऱ्या वंशाचं वेगळेपण सिद्ध व्हावं ही त्यांची अपेक्षा. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या. मोजमापांतून वंशाशी असा काही संबंध निघेना. परक्या देशात, ज्याच्या सहीवर पदवी अवलंबून आहे अशा माणसापुढे त्यांनी जे निघालं तेच लिहिलं. वयाने त्या तेव्हा तुझ्याहून फार मोठ्या नव्हत्या. तुझ्यावरही कधी तरी असा प्रसंग येईल, इतका मोठा नसेल, पण येईल. तेव्हा आपली मोजमापं चोख असणं हाच आधार असतो. म्हणून वही नीट ठेवायची सवय आत्तापासून लाव.

१९३९ साली त्या डेक्कन कॉलेजात आल्या, त्याच वर्षी ह. धी. सांकलियाही आले. एक मानववंशशास्त्राच्या, एक पुरातत्त्वाचे. पुढे गुजरातेत लांघणजला दोघांनी मिळून अश्मयुगीन माणसांचे सांगाडे उकरून काढले. दोन विषयांची माणसं एकाच खड्ड्यात उतरली की काय निघतं, ते तिथे दिसलं. तूही दुसऱ्या विभागांतल्या मुलांशी ओळख वाढव. भाषाशास्त्रवाल्यांबरोबर चहाला जात जा.

आणि १९३९ हे वर्ष सहज उजाडलं नाही बरं का. सरकारने १९३४ साली हे कॉलेज बंद करून टाकलं होतं. जमशेटजी जीजीभॉयांच्या देणगीतून उभी राहिलेली वास्तू, टिळक-आगरकर शिकले ते वर्ग, सगळ्याला कुलूप. तेव्हा माजी विद्यार्थी कोर्टात गेले. देणगी शिक्षणासाठी होती, ती तुम्हाला अशी गुंडाळता येणार नाही, असं म्हणून ते लढले. त्यातून संशोधन संस्था म्हणून कॉलेज पुन्हा उघडलं. माजी विद्यार्थ्यांचं कर्तृत्व म्हटलं की आपण पदं आणि पुरस्कार मोजतो. मला विचारशील तर त्या आवारातल्या माजी विद्यार्थ्यांनी केलेलं सगळ्यांत मोठं काम हेच.

टिळक-आगरकरांबद्दल थोडक्यात. दोघं तिथेच एकमेकांना भेटले, १८८० साली चिपळूणकरांबरोबर न्यू इंग्लिश स्कूल काढलं, आणि पुढे सामाजिक सुधारणेवरून कायमचे दुरावले. ‘तू कुणाच्या बाजूची?’ असं तुला पुण्यात कुणी ना कुणी विचारेलच. उत्तर द्यायची घाई करू नकोस. ‘केसरी’ आणि ‘सुधारक’ समोरासमोर ठेवून वाच, मग तुझं तू ठरव. मी आगरकरांकडे झुकते हे तुला वर्गात कळलंच असेल.

आता तुझ्या यादीत नसलेलं एक सांगते. डेक्कन कॉलेजचं मूळ १८२१ सालच्या विश्रामबागवाड्यातल्या पाठशाळेत आहे. ती ब्राह्मण मुलांसाठी होती. तिथून चालत काही मिनिटांवर भिडेवाडा होता. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी तिथे मुलींची शाळा सुरू केली. ज्या बाईंनी कॉलेजची पायरी कधी चढली नाही, त्यांचं नाव २०१४ पासून पुणे विद्यापीठाला आहे. शिरूर तालुक्यातल्या शेतकऱ्याची मुलगी आज येरवड्याच्या त्या दगडी इमारतीत हक्काने शिरते आहे ती भिडेवाड्याच्या वाटेने. तुझी यादी लिहिशील तेव्हा त्यांना सगळ्यांत वर लिही.

आणि शिरूरचं निघालंच आहे तर ऐक. घोड नदीकाठचं इनामगाव तुझ्याच तालुक्यातलं. १९६८ पासून १९८३ पर्यंत डेक्कन कॉलेजच्या माणसांनी तिथे खोदलं, सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी यांच्या नेतृत्वाखाली. तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांचं गाव निघालं. घरांच्या जमिनीखाली दोन मडकी तोंडाला तोंड लावून ठेवलेली, आत लहान लेकरं पुरलेली. नदीचं पाणी वळवायला काढलेला पाट. धान्याची कोठारं. तुझे आजोबा ज्या मातीत ज्वारी पेरत आले, तीच ही माती. ‘मी यात कुठे बसणार’ असं विचारतेस ना? त्या उत्खननात काय निघालं ते पुस्तकात वाचून समजावं लागेल अशी मुलं तुझ्या वर्गात पुष्कळ असतील. पाट म्हणजे काय, कणगी कुठे ठेवतात, पाऊस लांबला की घरात काय होतं, हे तुला कुणी समजावून सांगायला नको.

तर पहिल्या सत्रात एवढं कर. इनामगावचा अहवाल ग्रंथालयातून काढ. इंग्रजी जड जाईल, रोज चार पानं वाच, अडलेले शब्द वहीत उतरव. त्यातलं घरांचं आणि शेतीचं प्रकरण दोनदा वाच. मग दिवाळीला घरी जाशील तेव्हा इनामगावला जाऊन ये, आजोबा येत असतील तर त्यांनाही घेऊन जा. ढवळीकरांनी मांडलेलं त्यांना सांग आणि ते काय म्हणतात ते जसंच्या तसं लिहून घे. जिथे त्यांचं आणि अहवालाचं पटत नाही तिथे खूण कर. त्या खुणा घेऊन माझ्याकडे ये, आपण दोघी बसून बघू. येण्याआधी फोन कर.

वसतिगृहातलं जेवण आवडत नसेल तर तसं कळव. डबा पाठवायची सोय होईल.

तुझ्या,
बाई