परसात घेतलेला फोन

«मावशी, आठ महिन्यांपूर्वी हे मोटरसायकलवरून पडले. हेल्मेट नव्हतं. डोक्याला मार लागला, तीन आठवडे दवाखान्यात होते. आता चालतात, जेवतात, सगळ्यांना ओळखतात. पण कुकरची शिट्टी झाली तरी ताट भिरकावतात. दुकानाचा हिशेब चुकतो, काल ठरलेलं आज आठवत नाही. सासूबाई म्हणतात, बाहेरचं असेल, देवऋषीला दाखवू. दवाखान्यातल्या समुपदेशक बाई दर पंधरा दिवसांनी फोन करतात, पण हे बोलत नाहीत. ‘मी काय वेडा आहे?’ म्हणतात. मग मी परसात जाऊन बोलते आणि नवऱ्याची चहाडी केल्यासारखं वाटतं. फोनवर बोलून डोकं बरं होतं का? बंद करू का?»
— कऱ्हाड तालुक्यातली एक सून

अगं, फोन बंद करू नकोस. परसात जाणं बंद कर.

रागाला लगाम घालणं, कामांचा क्रम लावणं ही कामं कपाळामागच्या मेंदूची. डोकं आपटतं तेव्हा बऱ्याचदा नेमका तोच भाग दुखावतो. टाके सुकले, केस उगवले की गाव म्हणतं, बरा झाला की! आतलं दुखणं कुणाला दिसत नाही. आपल्याला शिट्टी नुसती ऐकू येते, त्यांच्या थकलेल्या डोक्यात ती घुसते. सासूबाईंशी वाद घालू नकोस, पुढच्या फोनला त्यांनाच शेजारी बसव. सुनेनं सांगितलेलं पटत नाही ते दवाखान्यातल्या बाईंनी सांगितलं की पटतं, हा आपल्याकडचा जुना अनुभव आहे.

फोननं मेंदूची जखम भरत नाही. अमेरिकेत सिएटलच्या डॉक्टरांनी अशा १७१ रुग्णांवर एक अभ्यास केला, २००५ साली तो छापून आला. ज्यांना ठरलेल्या वेळी फोन जात होते ते वर्षाअखेर इतरांपेक्षा बरे सावरले होते. पुढे २०११ साली अनेक केंद्रांवरचा मोठा अभ्यास आला, त्यात मात्र तसा फरक दिसला नाही. हेही तुला सांगायलाच हवं. माझं मत विचारशील तर दोन फोनांच्या मधल्या पंधरा दिवसांत घरात काय बदलतं, त्यावर सगळं अवलंबून आहे.

म्हणून एक वही कर. ताट उडालं, एवढंच लिहू नकोस. त्याआधी काय चाललं होतं ते लिही: रात्री झोप झाली होती का, दुकानातून आल्या आल्या जेवायला बसले होते का, टीव्ही चालू होता का, दोघं एकदम बोलत होते का. चार-पाच वेळचं लिहिलंस की तुलाच दिसेल की राग कुठून येतो. कदाचित जेवणाआधी अर्धा तास अंधाऱ्या खोलीत पडणं एवढाच उपाय निघेल. बाईंना फोनवर हेच वाचून दाखव आणि एका फोनला एकच गोष्ट सोडवायला घे.

फोन सकाळी ठेव, मुलं शाळेत गेल्यावर. संध्याकाळपर्यंत डोकं शिणतं. यजमानांना सांग, ‘दुकानाचा हिशेब पुन्हा तुमच्या हातात यावा म्हणून हे चाललंय.’ पहिली दहा मिनिटं स्पीकरवर, त्यांच्यासमोर. बाईंना म्हणावं, एका वेळी एकच प्रश्न विचारा आणि उत्तराला वेळ द्या. ठरेल ते त्यांनी स्वतःच्या हातानं वहीत लिहायचं. मग त्यांच्यादेखतच सांग, ‘आता पाच मिनिटं मी माझं बोलणार.’ सांगून बोललं की चहाडी होत नाही, आणि तुझीही झोप उडालेली आहे, तेही कुणाला तरी सांगायला हवं.

फिट आली, डोकेदुखी वाढत चालली, उलट्या होऊ लागल्या, गुंगी आली तर फोनची वाट पाहू नकोस, थेट दवाखाना गाठ. फिटच्या गोळ्या असतील तर मनानं थांबवायच्या नाहीत. दारू नाही, डॉक्टरांनी सांगेपर्यंत मोटरसायकलही नाही. हात उगारला तर मुलांना घेऊन आधी बाहेर पड, ११२ लाव. ते किंवा तू जिवाचं काही बरंवाईट करण्याचं बोललात तर सरकारची टेलिमानस सेवा रात्रंदिवस आहे, १४४१६ वर.

पहिल्या फोनला ते नुसते शेजारी बसले, एक शब्द बोलले नाहीत, तरी चालेल. वहीत लिही: बसले होते.

— मावशी