प्रदूषणामुळे चेहरा काळवंडतो. त्यासाठी कोणता फेसवॉश वापरावा?

तुम्ही लिहिले आहे की कात्रजहून हिंजवडीला रोज स्कूटीने जाता, वर्षभरात चेहरा काळवंडला आहे, गालांवर बारीक पुरळ येते, दिवसातून चार वेळा फेसवॉश वापरूनही फरक पडत नाही, तेव्हा याहून कडक फेसवॉश कोणता घ्यावा. माझे उत्तर असे आहे की फेसवॉश कडक नव्हे, सौम्य घ्या आणि चार वेळांऐवजी दोनच वेळा चेहरा धुवा. मी डॉक्टर नाही. परंतु हडपसर ते शिवाजीनगर हा प्रवास अकरा वर्षे दुचाकीवरून करते आहे आणि त्यातली पहिली तीन वर्षे मी तुमच्यासारखीच धूर घासून काढण्याच्या मागे लागले होते. अक्रोडाच्या टरफलाचा स्क्रब, लिंबू पिळलेले डाळीचे पीठ, रविवारी वाफ, असे सगळे केले आणि चेहरा दिवसेंदिवस अधिक लाल व कोरडा होत गेला. अखेर त्वचारोगतज्ज्ञांनी हे सगळे बंद करायला लावले आणि मगच त्वचा सावरली.

त्यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. त्वचेचा सर्वांत वरचा थर म्हणजे मृत पेशींच्या विटा आणि त्यांच्यामध्ये स्निग्ध द्रव्यांचा गिलावा, अशी भिंत असते. तिचा सामू (पीएच) साधारण 5 च्या आसपास, म्हणजे किंचित आम्लधर्मी असतो, तर अंगाच्या नेहमीच्या साबणाचा 9 ते 10 असतो. वारंवार धुऊन आणि घासून हा गिलावा निघाला की बाहेरचा धूर आत शिरायला आपणच वाट करून देतो. डिझेलच्या काजळीच्या सूक्ष्म कणांवर चिकटून येणारी हायड्रोकार्बनची संयुगे तेलात विरघळणारी असतात. त्यामुळे ती नुसत्या पाण्याने निघत नाहीत, त्वचेच्या स्निग्धतेत मात्र सहज मिसळतात आणि पेशींपर्यंत पोहोचली की रंगद्रव्य वाढवणारी व कोलॅजन, म्हणजे त्वचा घट्ट ठेवणारे प्रथिन, तोडणारी यंत्रणा जागी करतात. जर्मनीत 70 ते 80 वर्षे वयाच्या 400 स्त्रियांची तपासणी करून 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, वाहनांच्या काजळीचे प्रमाण वाढते तसे कपाळावरचे आणि गालांवरचे डाग सुमारे 20 टक्क्यांनी वाढलेले दिसले होते. तेव्हा तुमची तक्रार मनाचे खेळ नाही.

आता स्कार्फविषयी, कारण पुण्यात राहून तुम्ही तो बांधत असणारच. स्कार्फ ऊन आणि जाड धूळ अडवतो, पण 2.5 मायक्रोमीटरहून बारीक कण सुती कापडातून सहज पार होतात. खरी अडचण निराळीच आहे. एकदा मी आठवडाभर वापरलेला पांढरा स्कार्फ उजेडात पसरून पाहिला, तेव्हा नाकातोंडाच्या जागी राखाडी वर्तुळ उमटलेले होते, आणि बादलीत बुडवल्यावर पहिले पाणी मळकट चहासारखे निघाले. ते कापड घामासह रोज दोन तास मी गालांवर आवळून बांधत होते! तेव्हापासून मी पाच स्कार्फ ठेवले आहेत. एक दिवस वापरलेला स्कार्फ दुसऱ्या दिवशी बांधत नाही. हेल्मेटचे अस्तर निघत असेल तर तेही दर आठवड्याला धुवा आणि हनुवटीखालचा पट्टा पुसत जा. हनुवटीवरचे पुरळ बरेचदा तिथूनच येते. नवले पूल ते वाकड या पट्ट्यात ट्रकच्या मागे अडकलात तर हेल्मेटची काच खाली घ्या. फुप्फुसांसाठी एन 95 मास्क लावाच, तो स्कार्फच्या आत.

संध्याकाळी घरी आल्यावर आधी हात धुवा. सनस्क्रीन लावलेले असल्याने प्रथम मायसेलर वॉटर किंवा क्लिन्झिंग बामने चेहऱ्यावरचा तेलकट थर सैल करावा आणि मग साबणविरहित सौम्य क्लिन्झरने, कोमट पाण्यात, बोटांनीच धुवावे. दिवाळीच्या अभ्यंगस्नानात आधी तेल आणि मग उटणे, हा आपल्याकडचा क्रम याच न्यायाने शहाणपणाचा आहे. फक्त पुरळ येणाऱ्या चेहऱ्यावर खोबरेल तेल चोळू नका, त्याने रंध्रे बुजतात. चेहरा ओलसर असतानाच ग्लिसरीन किंवा सेरामाइड (त्वचेच्या गिलाव्यातलेच एक स्निग्ध द्रव्य) असलेले मॉइश्चरायझर लावा.

सकाळी मॉइश्चरायझरवर एसपीएफ (उन्हापासून संरक्षणाचा आकडा) 30 किंवा अधिक असलेले सनस्क्रीन, चेहरा आणि मान मिळून दोन बोटांभर. सनस्क्रीन धूर अडवत नाही, पण काजळीतील काही संयुगे सूर्यप्रकाशातील अतिनील ए किरणांच्या संगतीने अधिक घातक होतात आणि ती जोडी आपल्याला तोडता येते. पैसे बेताचे असतील तर एवढ्यावर थांबा. क जीवनसत्त्वाचे सीरम उपयोगी असते, पण ते महाग आणि लवकर खराब होणारे. तपकिरी झाले की टाकून द्यावे. चेहऱ्याला फासायच्या कोळशाच्या मास्कवर खर्च करू नका. बाटलीवरच्या ‘प्रदूषणरोधक’ या शब्दामागे एसपीएफसारखा सर्वमान्य आकडा नसतो.

हिवाळ्यात सकाळी थंड हवेचा थर जमिनीलगत साचून राहतो, त्यातच सोसायट्यांबाहेर पालापाचोळा जाळला जातो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ ॲपवर हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक 200 च्या वर दिसला आणि कामाची वेळ पुढे ढकलता येत असेल, तर तासभर उशिरा निघा.

एक गोष्ट मात्र तुमच्या प्रश्नात वाचून काळजी वाटली. मेडिकलवाल्याने दिलेली ‘रंग उजळणारी’ ट्यूब तुम्ही दोन महिने लावता आहात. तिच्यावर क्लोबेटासोल, बेटामेथासोन किंवा मोमेटासोन यांपैकी काही लिहिले आहे का, ते आजच पाहा. ही स्टिरॉइड्स आहेत. चेहऱ्यावर दीर्घकाळ लावल्यास त्वचा पातळ होते आणि पुरळही येते. नाव सापडले तर ती ट्यूब घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. एकदम बंद केल्यास चेहरा भडकू शकतो, म्हणून कशी बंद करायची हे त्यांनाच विचारा. दोन्ही गालांवर सारखेच तपकिरी पट्टे असतील तर तो वांग असू शकतो, आणि त्याचेही निदान त्याच भेटीत करून घ्या.