पेन्सिल मुठीत धरतो, बाकावर टिकत नाही

ताई, मुलगा साडेपाच वर्षांचा, पेन्सिल मुठीत धरतो, बाकावरून सारखा उठतो, आणि बाईंनी डायरीत ‘ओटीला दाखवा’ लिहिलंय. ओटी म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्ट, लिहिणं-बसणं-जेवणं अशी रोजची कामं मुलाला जमावीत म्हणून मदत करणारे. त्यासाठी दर आठवड्याला नाशिक गाठायचं का, असं तुम्ही विचारलंय.

दाखवा जरूर, पण आधी आपल्या जळगावच्याच सरकारी दवाखान्यात ‘जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रा’ची चौकशी करा. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ही सोय आहे. ओटीवाले कोणत्या वारी बसतात ते फोनवर विचारूनच निघा, नाहीतर दिवस फुकट जातो.

मी बावीस वर्षं बालवाडी चालवली. सुरुवातीला अशा मुलांकडून पानं पानं गिरवून घेतली, ती माझी चूकच. एकदा एका ओटीताईंनी वर्गात येऊन पोराचा हात पाहिलाच नाही, वाकून बाकाखाली पाहिलं. पाय लोंबकळत होते! पायाला टेकू नाही, पाठ ढिली, मग सगळी ताकद बसून राहण्यातच जाते. बोटांना काय उरणार? आम्ही पायाखाली जेवायचा पाट सरकवला. अक्षर काही लगेच सुधारलं नाही, पण पोरगं बसू लागलं.

तुमच्या बाईंना एवढंच सांगा: पायाखाली पाट, आणि वर्गातली जड कामं त्याला द्या. वह्यांचा गठ्ठा उचलणं, फळा पुसणं. उठायचंच आहे तर कामाला उठू दे. बाईंशी भांडू नका, त्यांनी वेळेत लिहिलं.

घरी लांब पेन्सिल काही दिवस बाजूला ठेवा. खडूचा बोटाच्या पेराएवढा तुकडा द्या, तो मुठीत धरून लिहिताच येत नाही, तीन बोटांनीच धरावा लागतो. भिंतीवर पाटी टांगून उभ्यानं काढू दे, मनगट आपोआप मागे वळतं. बाकी आपल्याकडे आजीचं स्वयंपाकघर आहेच: तुरीच्या ओल्या शेंगा सोलणं, भरताच्या भाजलेल्या वांग्याची साल काढणं (गार झाल्यावर!), कळण्याचं पीठ मळणं. आजी म्हणेल, ‘काय सांडी ऱ्हायना रे!’ सांडू द्या.

ओटीकडे जाताना बटणं, चप्पल, जेवण, जिना यातलं काय जमतं, काय नाही ते लिहून न्या. त्याची वहीही न्या. मात्र आधी येत असलेलं विसरू लागला, किंवा एक हात वापरायचाच टाळत असेल, तर पाट-खडूत वेळ घालवू नका, उद्याच डॉक्टरांना दाखवा.